नंबर प्लेटच्या मागची पाटी

ती केस अजून डोळ्यांसमोर आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नामचीन गुंडांना बेड्या घातल्या. तरी कुणी "साहेब, एखादा तपास सांगा की" म्हणाले, तर माझ्या तोंडून आधी निघते ती पपई. ऐकणारे हसतात. हसू देत.

निवृत्ती जवळ आली होती. माझ्या ठाण्याच्या हद्दीत बिबवेवाडीच्या काही गल्ल्या येत आणि तिथे सोनसाखळी चोराने उच्छाद मांडला होता. सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या मागून दुचाकी यायची, गळ्याला हिसका बसायचा आणि ओरडेपर्यंत गाडी वळणाआड. एका आजींचे मंगळसूत्र असे ओढले की त्या पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वरिष्ठांचे फोन सुरू झाले.

आजींच्या वेळी मात्र एका सोसायटीच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर स्वच्छ आला. आम्ही खूश. मालकाला उचलून आणले, तर तो एका कचेरीतला कारकून निघाला. त्याची गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उघडून पडलेली होती आणि गॅरेजवाल्यानेही तसेच सांगितले.

"अहो, मी नवी सुरक्षा नंबर प्लेट कधीच बसवली," तो चिडून म्हणाला. "जुनी दान केली."

"नंबर प्लेट दान केली?"

"हो. पायासाठी."

आमच्या हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. माणूस घाबरला की काहीही बोलतो, हा अनुभव होता. पण त्याच संध्याकाळी आमच्या नेहमीच्या खबऱ्याने, एका चहावाल्याने, खबर आणली. "साहेब, मागच्या गल्लीत एका बाईंकडं पोत्यानं जुन्या प्लेटा येतात. बाई चांगल्या घरची हाय, पण धंदा काय कळंना."

त्या काळात शहरभर जुन्या प्लेट काढून नव्या बसवण्याची धांदल चालली होती. काढलेली खरी प्लेट चोराच्या हाती लागली, तर तो दुसऱ्याच्या नावावर खुशाल गुन्हे करणार. मला वाटले, टोळीचे कोठार सापडले.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जायचे, असा नियम आहे. महिला अंमलदार आणि हवालदारांना घेऊन सकाळी गेलो. दारावर पाटी होती: "चपला-बूट बाहेर. हुद्दा कोणताही असो." वर्दीत बूट काढणे किती कटकटीचे असते ते पोलिसालाच ठाऊक. मी वाकून काढले.

बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सारी नोकरी हाडांच्या विभागात गेली. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. व्हरांड्यात एक म्हातारे चाचा ब्रश घेऊन बसले होते. त्यांनी जन्मभर गाड्यांचे नंबर रंगवले होते आणि नव्या प्लेटने त्यांचा धंदा बसला होता. सिस्टर लोकांकडून जुन्या प्लेट मागून आणत, चाचा त्या उलट्या करून मागच्या कोऱ्या बाजूवर पुणेरी पाट्या रंगवत. पाटीला किंमत नाही. दाराशी स्टीलचा डबा. ज्याला जे वाटेल ते त्यात टाकावे, पाटी न्यावी, नाव सांगायची गरज नाही. डब्यातल्या पैशांतून अपघातात पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय बसवले जात. कारकून खरे बोलत होता.

तिथेच खुर्चीवर एक माणूस बसला होता. विजारीचा एक पाय दुमडून पिनने टाचलेला. यवतमाळकडचा, हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर रखवालदार. रस्ता ओलांडताना बसखाली पाय गेला. ठेकेदाराने बजावले होते की महिनाअखेरपर्यंत गेटवर उभा राहिलास तर नोकरी तुझी, नाहीतर माणसे खूप आहेत. पायाचे माप घेऊन झाले होते. थोडी रक्कम कमी होती आणि ती त्या पोत्यांतून उभी राहणार होती.

मी चौकशी सुरू केली. "पाट्या कोण कोण घेऊन गेलं?"

"विचारत नाही," सिस्टर म्हणाल्या. "देणाऱ्याला नाव विचारलं की तो कमी देतो किंवा जास्त. दोन्ही नको."

"मग चोरानंही एखादी नेली असेल."

"साहेब, चोराला नंबरच हवा असेल तर रस्त्यावर लाख गाड्या उभ्या आहेत. बघून रंगवून घेईल. तो माझ्या डब्यात पैसे कशाला टाकेल?"

मी कॅमेऱ्यातला फोटो पुढे केला. आजींची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खुबा मोडला म्हणालात?" मग सावकाश म्हणाल्या, "मागचा नंबर तसाच राहतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. लिहा माझं नाव."

चाचा ब्रश टाकून उठले. "सिस्टरचं नाव कशाला? नंबर खोडायचा होता तर मी खोडायचा होता. पण साहेब, लोकं हात जोडून सांगतात, चाचा, नंबर खरडू नका, आमची पहिली गाडी होती. नवऱ्यानं घेतलेली होती. मुलानं घेतलेली होती. कसा खरडणार? चूक माझी आहे."

"अहो, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बीपी आहे."

"बीपी आहे म्हणून खोटं बोलू का?"

उभ्या नोकरीत मी माणसे दुसऱ्यावर ढकलताना पाहिली. भाऊ भावावर ढकलतो, बाप लेकावर. त्या व्हरांड्यात दोन म्हातारी माणसे गुन्हा आपल्याकडे ओढून घेण्यासाठी भांडत होती. मला मनातून त्यांचे फार कौतुक वाटले, पण कौतुकावर तपास चालत नाही. पंचनामा करून पोती सील केली आणि मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेली. निघताना रखवालदार एवढेच म्हणाला, "साहेब, मंग आता माह्या पायाचं कसं होईन?"

मी बूट घालत होतो. नाडी बांधली आणि गाडीकडे निघालो.

पुढे काही दिवस तपास जागच्या जागी राहिला. मग मांजरी गावाच्या बाजूला नाकाबंदीत एक दुचाकीस्वार पोलिसांना पाहून वळला, गाडी बांधावर टाकून उसात शिरला आणि निसटला. गाडी चोरीची होती. नंबर मात्र आमच्या कारकुनाचा. गाडी ठाण्यात येताच मी हवालदारांना म्हणालो, "आधी प्लेट सोडवा आणि उलटी करा."

त्यांनी स्क्रू काढले, प्लेट उलटली आणि ते जोरात हसले. मागे चाचांचे सुरेख अक्षर होते: "झाडावरची पपई आमची आहे. पिकली की आम्हाला कळते. आपण कष्ट घेऊ नयेत."

पपईचे झाड रस्त्यावर झुकलेले आहे असे घर शोधायला कितीसा वेळ लागतो? गस्तीवरच्या पोरांनी दुपारपर्यंत शोधले. फाटकावर चार रिकामी भोके होती. घरमालक निवृत्त गृहस्थ. पाटी पाहून त्यांना आनंद झाला, मग राग आला.

"पाटी चोरीला गेल्याची तक्रार द्यायला मी तुमच्याच ठाण्यात आलो होतो. तुमच्या अंमलदारांनी विचारलं, 'आजोबा, पपई पण गेली का?' मी म्हटलं, हो, पपईही गेली. ते हसत बसले. मी घरी आलो."

"कुणावर संशय?"

"समोरच्या इमारतीत भाड्यानं राहतो तो. कपडे इस्त्रीचे, नजर पपईवर. त्याच्याशी वाजलं म्हणूनच तर पाटी लावली होती."

तेवढ्यावर कुणाला अटक होत नाही. त्या तरुणाला चौकशीला बोलावले. गोड बोलणारा, कॉन्फिडन्ट, इंग्रजी पेरणारा. दुचाकी माहीत नाही, मांजरी माहीत नाही, सोने तर नाहीच. हातावर उसाच्या पातीचे ओरखडे होते, ते म्हणे जिममध्ये झाले. आवाज चढवून असल्या माणसाकडून काही मिळत नाही. मी चहा मागवला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. तो सैल झाल्यावर पाटी पपईच्या बाजूने टेबलावर ठेवली आणि सहज विचारले, "गोड होती का हो?"

"कुठली गोड, सर! कच्चीच निघाली," तो हसून म्हणाला.

मग त्याचे हसू थांबले. हवालदारांनी दार लावून घेतले. संध्याकाळपर्यंत पपई, पाटी, दुचाकी आणि सोने, सगळे त्याच क्रमाने बाहेर आले. चिडून पाटी उचकटली, मागे नंबर दिसला आणि डोक्यात किडा वळवळला, असे त्याने सांगितले. आजींचे मंगळसूत्र त्याच्या खोलीतच मिळाले.

सिस्टरांचा गुन्ह्याशी संबंध नाही, असा अहवाल मी स्वतः लिहिला. न्यायालयाची परवानगी घेऊन पोती मोकळी केली आणि माझ्याच गाडीतून पोहोचवली. बूट न सांगता काढले.

सिस्टरांनी मात्र स्वतःला माफ केले नव्हते. त्यांनी नवा नियम केला होता. नंबरच्या मधोमध मोठे भोक पाडल्याशिवाय प्लेट घ्यायची नाही, आणि ते भोक मालकानेच पाडायचे. पहिला हातोडा आमच्या कारकुनाने उचलला. मी मुद्देमालातली त्याची प्लेट खटला संपेपर्यंत देऊ शकत नव्हतो, म्हणून त्याने बायकोच्या स्कूटरची आणली होती. पपईवाल्या आजोबांनी डब्यात नोटांचे पुडके टाकले आणि वर बजावले, "नवी पाटी हवी. पपईच्या मागे तुमचे पोलीसही लागले आहेत, असं लिहा."

या केसने मला काय शिकवले? पाटी गेल्याची तक्रार त्या दिवशी नीट ऐकली असती, तर एका भल्या बाईच्या घरी पंचनामा करावा लागला नसता. त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणत्याही तक्रारीवर हसायला बंदी होती. आणि दुसरे असे की खरा माणूस ओळखायचा असेल, तर चूक दाखवल्यावर तो काय करतो ते पाहावे. सिस्टरांनी आधी आजींच्या खुब्याची चौकशी केली, मग स्वतःचे नाव लिहायला सांगितले.

माझ्या निरोपाच्या दिवशी ठाण्याच्या आवारात गर्दी होती. हारतुरे चालले असताना फाटकातून रखवालदार आला. अंगावर कडक गणवेश, काखेत कागदात गुंडाळलेली वस्तू. ड्युटीवरून सरळ आला होता. ठाण्याच्या पायऱ्या उंच आहेत. कुणी तरी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. एकेक पायरी चढून माझ्यासमोर उभा राहिला आणि पुडके दिले. आत माझ्या दारासाठी पाटी होती: "येथे आता चौकशी होत नाही. चहा होतो."

पण ती मी नंतर वाचली. तेव्हा मी त्याच्या दोन बुटांकडे पाहत होतो. त्याने टाचा जुळवून मला सलाम केला. जन्मभर मी हुद्दा पाहून सलाम ठोकले. त्या दिवशी खुर्चीतून उठलो आणि त्याला ठोकला.