पहिल्या सोमवारची खिचडी

मी मुळातच भित्री. झुरळाला भिते, विजेला भिते, टेलिफोनची घंटा अवेळी वाजली तरी भिते. पण बारावीच्या सुरुवातीला मला जी भीती बसली, तिच्यापुढे बाकी सगळ्या किरकोळ.

तेव्हा उज्जैनच्या फ्रीगंज भागात पहिल्यांदाच 'फास्ट फूड' अशी पाटी असलेलं दुकान निघालं होतं. बर्गर, चाऊमीन, आयत्या पावावर टोमॅटो सॉस आणि चीज किसून केलेला पिझ्झा. दाराशी परदेशी कोल्ड्रिंकचा लालभडक फलक. गावभर कौतुक! काउंटरवर मुलगी हवी होती, आणि मला कॉम्प्युटर क्लास लावायचा होता. बाबा बँकेत. त्यांची बदली होऊन आम्हाला उज्जैनला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बँकेतल्या माणसाची मुलगी लोकांच्या उष्ट्या प्लेटा उचलणार, म्हणून ते आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. आईनेच त्यांना पटवलं. सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी दोन ते सहा, आणि अंडं नाही, एवढ्या अटीवर मला परवानगी मिळाली.

दुकानाचे मालक म्हणजे भैया, आणि वर माडीवर राहायची त्यांची बायको, ती भाभी. भाभीला सातवा महिना चालू होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण भैयाची आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायची. या वेळी भाभीने बाळंत होईपर्यंत दर सोमवारी महाकालाचा उपवास धरला होता. एकही सोमवार मोडता कामा नये, मोडला तर बाळाचं काही खरं नाही, असं सासूबाई बजावत असत. भाभी मान हलवायची आणि पोटावरचा पदर सारखा करायची.

मग त्यांचा श्रावण लागला. आपला पंधरा दिवसांनी लागतो, इथल्या लोकांचा आधी. श्रावणी सोमवारी या गावात बर्गर कोण खाणार? म्हणून भैयाने त्या दिवसापुरतं फराळाचं ठेवायचं ठरवलं. पण महाराज, म्हणजे आमचा स्वयंपाकी, राहायचा जुन्या शहरात. महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीसाठी, दुपारपासूनच रस्ते बंद झाले आणि तो तिकडेच अडकला. साबुदाणा तर सकाळीच भिजवून ठेवलेला. भैयाने माझ्याकडे पाहिलं. मराठी मुलगी आहे, खिचडी तर यांचीच, असं म्हणून त्याने मला सरळ शेगडीपुढे उभं केलं.

खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले. दाण्याचं कूट जाडसर केलं, तुपात जिरं तडतडवलं, मिरच्या टाकल्या, बटाटे परतले, आणि काउंटरवरच्या डब्यातलं मीठ आईसारखं अंदाजाने चिमटीचिमटीने घातलं. साबुदाणा मोकळा, मोत्यासारखा झाला. भैयाने पहिली ताटली वर पाठवली. थोड्या वेळाने भाभी स्वतः रिकामी ताटली घेऊन जिना उतरून आली, माझ्याकडे बघून हसली, आणि हळू पावलांनी परत वर गेली. मला कोण आनंद झाला!

चारच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. ताटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सेंधा ही डाला है न?"

मी म्हटलं, "जी."

का म्हटलं, देव जाणे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही सवय लागली होती. ते खात बसले. मी मागे गेले, तर फळीवर एक काचेची बरणी होती. तिच्यात गुलाबीसर कुटलेलं सैंधव मीठ, वर चिठ्ठी चिकटवलेली, महाराजाच्या अक्षरात: फलाहारी, म्हणजे उपवासाचं. बरणीचं झाकणही कोणी उघडलेलं नव्हतं.

आमच्या घरी उपवासाला साधंच मीठ. आजीपासून तेच चालत आलेलं. इथे ते चालत नाही, त्याने उपवास मोडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तोवर वीसेक ताटल्या गेल्या होत्या. पण खरं सांगते, त्या वीस माणसांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला दिसत होती फक्त वर गेलेली पहिली ताटली.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, मीठ ते मीठ, आपण नाही का खात, महाकाल काय बरण्या तपासत बसलाय? मग थोडं थांबून म्हणाली, पण तू बोलू नकोस हं कुठे. ते ऐकल्यावर मी जास्तच घाबरले. आईलाही खात्री नव्हती.

त्यानंतर रोज दोन वाजता दुकानापाशी आले की मी आधी वरची खिडकी बघायची. उघडी असली, पडदा हलत असला, की जीव भांड्यात पडायचा. जिन्यावर पावलं वाजली की सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकायचा. पुढच्या सोमवारी महाराज वेळेवर आला. त्याने बरणी उघडली, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून प्लेटा पुसत बसले. महाकालाला मी रोज विनवायची की शिक्षा करायची तर मला कर, नापास कर, काहीही कर. बारावीचं वर्ष असूनही म्हणायची, म्हणजे बघा.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शटर अर्धं खाली होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, भाभीला सकाळी दवाखान्यात नेलं, रक्त जात होतं. मी रिक्षात कशी बसले ते आठवत नाही. वाटभर माझे दात वाजत होते, भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात. दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई भैयाला विचारत होत्या की कुठे काही चूक झाली का, कोणाची दृष्ट लागली का, एखादा सोमवार राहिला का. मी त्यांच्या बाजूने भिंतीला घासत खोलीत शिरले.

भाभी एकटीच पडली होती. पलंगाची पायाकडची बाजू विटा लावून उंच केलेली. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी तिच्या कानाशी वाकून एका दमात सगळं ओकून टाकलं. मीठ, बरणी, ते म्हातारे गृहस्थ, सगळं.

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मुझे पहले ही कौर में पता चल गया था."

पहिल्याच घासाला! मी दार लोटून परत तिच्यापाशी आले.

"सुबह से भूखी थी, बेटा. रुका नहीं गया. पूरी प्लेट खा ली." तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं माझ्याहून गार होती. "अम्माजी से मत कहना."

मी तिच्याकडे माफी मागायला गेले होते. सोळा वर्षांच्या पोरीपुढे ती हात जोडायच्या बेतात होती. इतके दिवस वर ती आणि खाली मी, दोघी एकाच ताटलीला भीत होतो. तिला निदान एवढा दिलासा होता की हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तो मी काढून घेतला.

रक्त थांबलं. दोन महिन्यांनी मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, रडकी. बारशाला मला वर बोलावलं होतं. सासूबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि जमलेल्या बायकांना सांगू लागल्या की सगळी महाकालाची कृपा, आमच्या सुनेने एक सोमवार मोडू दिला नाही. बायका वा वा करत होत्या. भाभी समोर भिंतीला टेकून बसली होती. ती बाळाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "हां अम्माजी, एक भी नहीं."