थांबता न येणारा बँड

माझ्या मामाला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या: कॉर्नेट वाजवणं आणि रुसणं. त्या पावसाळ्यात त्याने कॉर्नेट खुंटीला टांगून नुसतं रुसणं चालवलं होतं. त्याच्या एकुलत्या एका लेकीने, माझ्या मामेबहिणीने, स्वतःच्या लग्नात बापाचाच बँड नको म्हणून साफ सांगितलं होतं.

आमचं गाव वसईच्या खाडीकाठचं. बँड गावातल्याच माणसांचा. कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या पितळी ट्रम्पेटवर, मामा, क्लॅरिनेटवर मी, मोठ्या ड्रमवर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि बाकीचे ज्याला त्या दिवशी सुट्टी मिळेल तसे. मी एरवी शाळेत विज्ञान शिकवतो आणि पोरांना शिस्तीवर व्याख्यानं देतो, ते बँडमधल्या कुणाला माहीत नाही हेच बरं. बँडला नाव नाही, पाटी नाही. लाल कोट आहेत, पण प्रत्येकाचा लाल वेगळा.

आमचं मुख्य काम लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नात त्या संध्याकाळी बायका गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरी आणतात. पुढे बँड, मागे बायका. सुरुवात मामा करतो. थांबवणं मात्र मामीच्या हातात, कारण गाणाऱ्या बायकांची म्होरकी ती. पाण्याची कळशी घराच्या उंबऱ्याशी पोचली की मामी रुमाल वर करते आणि आम्ही जिथे असू तिथे गप्प होतो. विहीर लांब असली तर चाल लांब, जवळ असली तर आखूड. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि आमच्या एकाही चालीला स्वतःचा असा शेवट नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते मामेबहिणीच्या. एका लग्नात नेमकी मामी तापाने घरी झोपली होती. नवरीला चर्चपर्यंत वाजवत नेलं, पण तिथेही रुमाल मामीचाच असायचा, त्यामुळे आता थांबायचं कसं, हे कळेना. मामा माझ्याकडे बघतोय, मी ड्रमकडे, ड्रमवाला आभाळाकडे. फादर चर्चच्या दारात ताटकळलेले, नवरीच्या तोंडावरची पावडर घामाने ओघळतेय आणि आम्ही अंगणातल्या क्रुसाला वळसा घालून पुन्हा तीच चाल पहिल्यापासून. शेवटी फादरांनी घंटा वाजवायला लावली तेव्हा कुठे सुटका झाली.

"पप्पा, तुमच्या बँडला नुसती सुरुवात आहे," मामेबहीण घरी आल्यावर म्हणाली. "माझ्या ऑफिसचे सगळे येणार आहेत. मी डीजे सांगितलाय."

मामा त्यावर जे बोलला ते घरच्या बोलीत बोलला आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्याने लेकीशी अबोला धरला. म्हणजे जेवायला बसल्यावर तो मामीला सांगायचा, "तिला म्हनावं, मीठ सरकव."

मामा रोज सकाळी दाढी करताना सरकारी रेडिओ लावतो. बाकी गावाने रेडिओ कधीच माळ्यावर टाकला, पण मामाचा भरवसा फक्त रेडिओवर. एका सकाळी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो आमच्या दारात उभा राहिला. रेडिओवर सांगत होते म्हणे, की ज्यांचं गाणं-वाजवणं कुठल्याही कंपनीने काढलेलं नाही, ज्यांना आपल्या गावाबाहेर कुणी ओळखत नाही, अशा कलाकारांनी आपला नमुना पाठवावा. आवडला तर स्टुडिओत बोलावू.

"आपल्याला गावाभायेर कोन ओळखतो?" मामा म्हणाला.

"कुणीच नाही."

"मंग? आपल्यासाठीच आहे हा कार्यक्रम! आनि एकदा रेडिओवर वाजलो की ती कोनत्या तोंडानं नाय म्हनेल?"

हे सगळं लेकीसाठी चाललं होतं, हे सांगायला वेगळ्या ज्योतिष्याची गरज नव्हती. मी मोबाईलवर एका लग्नातला तुकडा पाठवून दिला. त्यात मागे कुत्रं भुंकतंय आणि कुणीतरी "पाव संपले!" म्हणून ओरडतंय, तरीही बोलावणं आलं. मला वाटतं, खाजगी वाहिन्यांपैकी कुणी तो तुकडा दहा सेकंद ऐकला नसता.

टेम्पोत वाद्यं आणि माणसं कोंबून आम्ही मुंबईत पोचलो. कार्यक्रम करणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आमचे लाल कोट बघून हसू दाबलं, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि काचेपलीकडून खूण केली. मामाने कॉर्नेट ओठाला लावला आणि पहिल्याच ओळीला सगळ्यांचा ताल सुटला. आम्ही जन्मात कधी बसून वाजवलं नव्हतं! पाय चालल्याशिवाय ड्रमवाल्याचे हात चालेनात.

बाई आत आल्या. दुसऱ्या कुणी आम्हाला घरी पाठवलं असतं. यांनी खुर्च्या बाहेर काढायला लावल्या, मधोमध मायक्रोफोन ठेवला आणि म्हणाल्या, "चाला मग त्याच्याभोवती. तुमचं जसं आहे तसंच हवंय आम्हाला."

चाललो. काय वाजलं म्हणून सांगू! त्या बंद खोलीत मामाचा कॉर्नेट असा खणखणला की माझ्याच अंगावर काटा आला. चार मिनिटं झाली. बाईंनी हात वर केला. आम्ही चालतोय. त्यांनी दोन्ही हात वर केले. मामाने त्यांना हसून मान लववली आणि पुढची फेरी सुरू केली.

शेवटी त्यांनी दारच उघडलं. "अहो, संपवायचं कसं तुम्ही ठरवलं नाहीये का?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. मी पुढे होऊन मामीचं आणि रुमालाचं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग त्यांना का नाही आणलं?"

मामी खरं तर टेम्पोतच बसली होती. सगळ्यांचा डबा तिच्याकडे होता. तिला वर बोलावलं. ती पदर खोचून काचेपलीकडे उभी राहिली आणि तिथल्या इंजिनीयरला म्हणाली, "तू सरक जरा, त्यांना मी दिसली पायजे." पुन्हा वाजवलं. घड्याळात चार मिनिटं होताच बाईंनी मामीकडे पाहिलं, मामीने रुमाल वर केला आणि आम्ही सगळे एका क्षणी गप्प झालो. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची चाल कुणीतरी नुसती ऐकण्यासाठी वाजवून घेतली होती.

कार्यक्रम लागला त्या दुपारी सगळं गाव मामाच्या ओटीवर. लेक तेवढी ऑफिसला गेली होती. "मुद्दाम गेली," मामा म्हणाला, आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला. निवेदिकेने आमच्या गावाचं नाव घेतलं तेव्हा ड्रमवाला उभाच राहिला, जणू हजेरी घेताहेत. बँड वाजू लागला. आम्ही सगळे मामीच्या रुमालाची वाट बघतोय, आपण नेटकं थांबलो ते गावाला ऐकवायचंय, आणि ऐन रंगात आवाज हळूहळू बारीक होत गेला. बातम्यांची वेळ झाली होती. ज्या शेवटासाठी मामीला वर नेलं, तो शेवटच लागला नाही.

मला राग आला. मामाला मात्र भलताच आनंद झाला. "रेडिओवाल्यांनापन आपल्याला थांबवता येत नाय!" असं तो येईल त्याला सांगत सुटला. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. विरारच्या एका सोसायटीला आम्ही हवे होतो, नालासोपाऱ्यातल्या एका शाळेला हवे होतो. ज्यांना आमचं लग्न, आमची विहीर, काही माहीत नव्हतं, अशी माणसं विचारत होती, तो कॉर्नेट कोण वाजवतं. मामाने नवीन लाल कोट शिवायला टाकला.

लेक मात्र रेडिओबद्दल चकार शब्द बोलली नाही. डीजे होता तसाच राहिला. फक्त मामीने हट्ट धरला म्हणून पाण्याची संध्याकाळ बँडला मिळाली, तीही "लवकर आटपा" या अटीवर. मामा वरवर म्हणाला, "तेवढं तर तेवढं." पण मला ठाऊक आहे, त्याचं मन मोडलं होतं. विहिरीवर जाताना त्याने लेकीच्या दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

परतताना आम्ही मुद्दाम भरभर वाजवलं. बायका धापा टाकत मागून येत होत्या. कळशी अंगणात आली, उंबऱ्याशी पोचली. डीजेवाला आपले खोके मांडून, हाताची घडी घालून आमच्या संपण्याची वाट बघत उभा होता. मामीने कमरेचा रुमाल काढला आणि हात वर नेऊ लागली.

दारात उभ्या असलेल्या नवरीने तो हात धरला.

"मम्मी, थांब," ती म्हणाली. "त्या दिवशी ऑफिसमध्ये सगळ्यांना बोलावून रेडिओ लावला होता मी. हे माझे पप्पा म्हणून सांगितलं. आणि मेल्यांनी मध्येच तोडलं. मला पुढचं ऐकायचंय."

मामाने ते ऐकलं. वाजवता वाजवता त्याचा सूर असा काही चिरकला की कुत्री भुंकली. मी क्लॅरिनेटवर चाल कशीबशी धरून ठेवली, नाहीतर तिथेच सगळं थांबलं असतं. पुढचं असं काही नाहीच, हे त्या पोरीला कोण सांगणार? मामाने बाहीने डोळे पुसले, कॉर्नेट पुन्हा ओठाला लावला आणि अख्खी मिरवणूक मागे वळवून, भरलेल्या कळशीसकट, परत विहिरीकडे नेली.