साळूमावशींची चौकट

माझी मुलगी हर्षाली गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवते. घरी आमच्याशी कमी आणि स्क्रीनशी जास्त बोलते. तिचा चहा गार होतो, मी ओरडतो, ती नुसतं "हं" म्हणते.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराची वेबसाइट तिने हौसेने करायला घेतली; पौर्णिमेला ती सुरू करायची होती. पहिल्याच पानावर विहारासाठी राबणाऱ्या चौघांचे फोटो एका ओळीत, खाली नावं. त्यात साळूमावशीही होत्या. रोज सकाळी विहार झाडून बुद्धमूर्तीपुढे फुलं त्याच मांडतात. देवळ्याला दिलेल्या लेकीला, छायाला, त्यांनी फोन करून सांगूनही टाकलं, "पौर्णिमेला मोबाइल बघ, तुझी आई दिसंल. जावईबापूंनाबी दाखव."

आता आपल्याकडे नाव पाठवा म्हटलं की नुसतं नाव कोण पाठवतो? अध्यक्ष नवनाथरावांनी 'आदरणीय'पासून 'समाजभूषण'पर्यंत सगळं पाठवलं. बाकीच्या दोघांनीही हात आखडता घेतला नाही. मावशींनी फक्त 'साळूबाई' सांगितलं.

पान उघडलं तर नवनाथराव ऐसपैस पसरलेले आणि मावशी दाराच्या फटीतून डोकावल्यासारख्या. दोन्ही कान कापलेले. हर्षालीने प्रत्येक चौकटीला आधी त्यातल्या मजकुराएवढी जागा दिली होती आणि उरलेली मग सारखी वाटून दिली होती. त्यामुळे लांबलचक पदव्यांना रुंद चौकटी मिळाल्या.

"मावशींच्या नावापुढे 'ज्येष्ठ समाजसेविका' टाक, होईल रुंद," मी शहाणपणा केला.

"पप्पा, माणूस नीट दिसायला पदवी कशाला लागते?" ती माझ्यावर चिडली. पोरीचा मला फार अभिमान वाटला.

तिने एकच ओळ बदलली. सगळ्यांची सुरुवात शून्यापासून, मग अख्खी रुंदी सारखी वाटून द्यायची. चौकटी लगेच सारख्या झाल्या. नवनाथरावांच्या पदव्या मात्र पाच ओळी खाली उतरल्या.

त्यांचा फोन आलाच. "माझी चौकट पहिल्यासारखी कर, नाहीतर ते पान लावूच नकोस."

"काका, चौकट सगळ्यांची सारखीच राहणार. हवं तर मजकूर कमी करा," हर्षाली शांतपणे म्हणाली. पौर्णिमा तोंडावर आलेली, तिकडे छाया वाट बघत असणार. नवनाथराव दोन दिवस फुगून बसले आणि मग त्यांनी 'नवनाथ, अध्यक्ष' एवढंच लिहून पाठवलं. माणूस तसा वाईट नाही.

पौर्णिमेच्या सकाळी हर्षालीने विहारात मावशींना मोबाइल दाखवला. मावशींनी पदराला हात पुसले, फोटोवर अलगद बोट ठेवलं.

"मावशी, पूर्ण नाव लिहू का?"

"लिवलं तर दुसऱ्याची जागा कमी होईल ना, पोरी? म्हणून तर म्या एवढंच सांगितलं."

"आता कोणाचीच कमी होत नाही."

मावशी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मग लिव. साळूबाई सावळीराम गांगुर्डे. छायाच्या बापाचंबी नाव दिसू दे."