येतं की नुसतं दिसतं?

वसंता जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला दवाखान्यात भेटलो. तरुण डॉक्टर म्हणाले, "सर, लवकरच घरी जाल." वसंताने उशीवरून मान उचलली. "डॉक्टरसाहेब, हे तुमाले माहीत हाय, का वाटून राह्यलं?" डॉक्टर गडबडले, मग हसून म्हणाले, "वाटतंय." वसंता खूश. माझ्याकडे वळून म्हणाला, "पाह्य, डॉक्टर चांगला भेटला मले." डॉक्टरांना वाटलं तसं झालं नाही... पण माझ्या मित्राने जन्मभर गणित शिकवताना हाच एक प्रश्न विचारला. मला अंदाजाने लिहायची सवय नाही, म्हणून नक्की आठवतं तेवढंच लिहितो.

मॅट्रिकला आम्ही दोघंही नापास झालो. मी गणितात, तो गणितात आणि इंग्रजीत. माझ्या वडिलांनी सांगून टाकलं, ऑक्टोबरला गणित सुटलं तर कॉलेज, नाही तर काकांच्या सदर बाजारातल्या कापडदुकानात बसायचं. मला कॉलेजच हवं होतं आणि नापास कसा झालो तेच कळत नव्हतं. पुस्तक तर पाठ होतं! त्याच आठवड्यात वसंताच्या गावी, भिवापूरला गेलो. अंगणात मिरची निवडणं चाललं होतं. मीही बसलो आणि लालभडक, तुकतुकीत मिरच्या वेचून चांगल्या ढिगात टाकू लागलो. वसंताने त्यातली एक उचलून माझ्या कानाशी हलवली. आवाज नाही. मग एक फिकट मिरची हलवली, तर आतलं बी खुळखुळलं. "रंगावर काहून जातं बे? ते ओली हाय. एक गेली का सारं पोतं सडवते." त्याची आई पदराआड हसत म्हणाली, "दोघंबी नापास, न मिरचीले पास-नापास करून राह्यले!"

वसंता हसला नाही. आत जाऊन भूमितीचं पुस्तक घेऊन आला आणि माझं सगळ्यात आवडतं, काटकोन त्रिकोणाचं प्रमेय उघडून विचारलं, "येते?" मी म्हटलं, "येतं की." त्याने पुस्तक मिटलं. "मंग लिही." निम्म्यावर माझा हात थांबला. "पाह्य, तुले येत नाही, नुसतं दिसून राह्यलं. पुस्तक उघडं असलं का साऱ्याइलेच दिसते."

मग तो पावसाळाभर नागपूरला आमच्याकडेच राहिला. रोजचा क्रम एकच. आधी सांगायचं काय येईल आणि काय अडेल, मग पुस्तक मिटून लिहायचं, मग ताडून पाहायचं. सुरुवातीला माझे अंदाज इतके चुकायचे की तो म्हणायचा, "तू दुकानात नको बसू गा, काका बुडतीन!" परीक्षेत पहिलाच प्रश्न माझ्या लाडक्या प्रमेयाचा आला. पेन उचललं, पण आधी डोळे मिटून ते मनात लिहून पाहिलं. मधली एक पायरी येईना. कॉलेज की दुकान ते तिथेच ठरणार होतं. तो प्रश्न सोडला आणि पर्यायातलं रटाळ व्याजाचं गणित घेतलं. थोडक्यात का होईना, सुटलो!

वसंताचं गणित सुटलं, इंग्रजी राहिली. निकालाच्या संध्याकाळी हा पेढे घेऊन हजर. वडील चक्रावले. "अरे, तू तर नापास झाला ना?" "हो काकाजी. पण म्या आधीच सांगतलं होतं, गणित सुटीन न इंग्रजी राहीन. अंदाज बराबर आला!" वडिलांनी पेढा खाल्ला, विचार केला आणि दुसरा उचलला.

इंग्रजी पुढच्या खेपेला निघाली आणि वसंता पुढे नागपुरातच, नंदनवन भागातल्या एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. तेरवी झाल्यावर वहिनींनी त्याच्याकडे राहिलेला चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा शाळेत पोचवायला माझ्याकडे दिला. त्याच्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक उत्तराशेजारी मुलांनी स्वतःच लिहिलं होतं, 'येतं' किंवा 'वाटतं'. एका मुलीने शेवटचं गणित कोरंच सोडलं होतं. खाली लिहिलं होतं, "येत नाही. सोमवारी सरांना विचारीन."

मी ते गणित पुस्तकात काढून वाचलं. सोपं होतं. पुस्तक मिटलं, कागद घेतला... आणि निम्म्यावर थांबलो.

सोमवारी गठ्ठा घेऊन शाळेत गेलो आणि त्या मुलीला शोधून काढलं. म्हटलं, "मलेबी येत नाही वं. बस, दोघं मिळून पाहू."