घरनी भाषामा सांग

"लॅपटॉप झाक," असं म्हणत भाऊ आपली खुर्ची वळवायचे, दोन्ही हात पोटावर बांधायचे आणि डोळे अर्धे मिटून घ्यायचे. "आते घरनी भाषामा सांग. काय बिघडनं?"

कोडमधली चूक सापडेना झाली की त्यांचा हा एकच उपाय. घरच्या भाषेत सांग. त्यांची घरची भाषा अहिराणी, ऑफिसातल्या बाकीच्यांचीही तीच, त्यामुळे त्यांचं बरं चालायचं. मी सातपुड्यातली, काठी गावाच्या बाजूची. माझी घरची भाषा भिली, आणि भाऊंना भिलीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

आमचं ऑफिस शहाद्याजवळ लोणखेड्यात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. मोबाइल ॲप आणि वेबसाइट करून द्यायचो. कॉलेज संपल्यावर मी तिथे लागले खरी, पण आईने पूर्ण परवानगी दिलेली नव्हती. "होळीपर्यंत जाऊन बघ, मग ठरवू," एवढंच ती म्हणाली होती. खोलीत बसून काचेकडे बघत राहणं याला काम म्हणतात, हे तिला पटत नव्हतं. होळीला घरी गेले की ती परत सोडेल की नाही, ही धाकधूक मला कायम असायची.

भाऊ आमच्यात सगळ्यात वडील. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिला असेल. शेंगदाणे खात काम करणारा, त्यामुळे कीबोर्डच्या फटीफटीत टरफलं. मी एकदा दोन रकान्यांना नुसती एक-दोन अशी नावं दिली, तर म्हणाले, "तुन्हा घरमा लोकसले एक, दोन, तीन म्हनतस का?" पडद्यावर भलामोठा फोटो टाकला, तर मोबाइल हातात घेऊन त्याचं वजन केल्यासारखं करत म्हणाले, "इतला जड फोटो घाट चढस का?" आणि फोन नंबर चुकीचा टाकणाऱ्यासाठी मी 'अवैध नोंद' असा संदेश लिहिला, तेव्हा तर खुर्चीतून उठलेच. "कोनले शिव्या दी ऱ्हायनी व माय?" मग स्वतः बसून त्यांनी लिहिलं: 'नंबरात एक आकडा कमी आहे. पुन्हा बघा.'

या सगळ्या शिकवणीतलं स्वतः किती पाळत, ते विचारू नका. केलेलं काम लगेच साठवून ठेवा, असं आम्हाला दिवसभर सांगायचे. लाईट गेली की सगळ्यात मोठी बोंब त्यांचीच.

होळीच्या आधी आमच्याकडे एक काम आलं. काठीच्या मोठ्या होळीला माणसं नेणाऱ्या जीपवाल्यांसाठी ॲप करायचं होतं, घरबसल्या जागा धरण्याचं. ते माझ्याकडे दिलं. चाचणी घेतली तर एकाच माणसाच्या नावावर तीन-तीन जागा. जीपवाले म्हणाले, हा एकटा तीन जागांवर बसणार कसा? मी सगळं तपासलं, पुन्हा तपासलं. शेवटी रडकुंडीला येऊन भाऊंसमोर उभी राहिले.

"वापरकर्त्याने बटण दाबल्यानंतर विनंती पाठवली जाते व प्रतिसाद प्राप्त होतो," मी सुरू केलं.

"हाऊ तर शाळाना निबंध शे," भाऊ म्हणाले. "घरनी भाषामा सांग."

"भाऊ, तुम्हाला भिली समजत नाही."

"माले कोठे चूक शोधनी शे? तुले शोधनी शे."

मी लाजत लाजत भिलीत सुरुवात केली. ऑफिसात माझी भाषा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले असेन. भाऊ डोळे अर्धे मिटून मान हलवू लागले. "हां, हां. मंग?" एक अक्षर कळत नसताना नेमक्या जागी "मंग?" कसं म्हणायचे, देव जाणे.

'विनंती' आणि 'प्रतिसाद' यांना आमच्या बोलीत मला शब्दच आठवेनात. म्हणून मी हाकेचं सांगितलं. आमच्याकडे घरं टेकडीटेकडीवर. या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची. तिकडून ओ आली नाही, तर माणूस पुन्हा हाक मारतो. पुन्हा मारतो.

इथे मी थांबले. डोंगरात नेटवर्क सावकाश, लवकर ओ येत नाही, म्हणून माणूस बटण पुन्हा दाबतो. समोरच्या टेकडीवरच्याला कळतं की हाक मारणारा तोच आहे. आमच्या ॲपला प्रत्येक हाकेत नवा प्रवासी दिसत होता!

"सापडनं ना?" भाऊ म्हणाले आणि शेंगदाण्यांकडे वळले.

मग मी बटण एकदा दाबलं की लगेच 'ऐकलं, थांबा' असं दिसायची सोय केली. प्रत्येक हाकेला तिची खूणही दिली, म्हणजे तीच हाक पुन्हा आली तरी दुसरी जागा जात नाही. ॲप नीट चाललं.

होळीला भाऊही काठीला आले, म्हणे ॲप तपासायला. नव्या टोपीत अगदी नवरदेव दिसत होते. बाजारात माझी आई भेटली. मी ओळख करून दिली आणि आईने थेट विचारलं, भिलीतच: "हिचं तुमच्याकडे खरंच काही काम आहे का? का उगाच बसवून ठेवलंय? पाठवू का परत?"

मी मराठीत सांगणार, तोवर भाऊंनी सवयीने डोळे अर्धे मिटले आणि मान हलवली. "हां, हां. हां, हां."

आईने त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढ्या वयाचा माणूस इतक्या मनापासून सांगतोय. जा मग."

मी भाषांतर तसंच गिळून टाकलं. आनंदाने मला रडू येत होतं आणि भाऊ शेजारी फुटाण्यांचा भाव करत होते.

गेल्या वर्षी भाऊ ऑफिस सोडून मुलीकडे सुरतेला गेले. शहाद्याच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते. सामान वर चढवलं आणि तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आई काय विचारत होती, त्यांनी कशाला मान हलवली आणि मी आजवर इथे कशी राहिले.

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुन्ही माय हाई इचारे?"

"हो."

"आनि मी हां म्हनं?"

"चार वेळा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे माले भिली येस!"

गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून कंडक्टरला तेच सांगत होते, की मला भिली येते, या पोरीला विचारा. मीही कंडक्टरला म्हणाले, हो, येते यांना. गाडी गेल्यावर ऑफिसात आले आणि त्या दिवशी माझ्या हातून काहीच काम झालं नाही.