रांगेच्या पुढे रूपाली

तुमच्या सगळ्यांचे अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर अर्ध्यावर हसते. कुणाला रस्त्यात बाई दिसते, कुणाला बांगड्या ऐकू येतात... आमच्या घरात हे चालतच नाही. आम्ही बौद्ध. माझे बाबा अंगात येणाऱ्या बाईलाही समोर बसवून वाद घालतील असे. मी स्वतः आज वाशीमला सरकारी नोकरीत आहे, विज्ञान शाखेची आहे. तरी हे लिहिते आहे, कारण मनात फार दिवस कुजत पडलंय.

गाव रिसोड तालुक्यातलं, केनवडपासून फार लांब नाही. नाव देत नाही. तेव्हा मी नववीत होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली एक वरात पारासमोरून वाजतगाजत गेली आणि गावात बिनसलं. पावसाळा आला तरी धग गेली नव्हती. गिरणीवाला आमचं दळण घेईना. मोबाइलवर धमक्या यायच्या. पोलिसांची गाडी दोन दिवस उभी राहिली आणि निघून गेली. पण शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वाट पारासमोरूनच.

तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाने, नियम घालून दिला. वस्तीतल्या आम्ही आठ पोरींनी एका रांगेत जायचं, रांगेत यायचं. "पुढची जिकडं वळंल तिकडं समद्यांनी वळाचं. थांबाचं नाई, इचाराचं नाई. अन् पांदणीनं बिल्कुल जाऊ नका, तिथं तुमाले पाहणारं कोनी नाई." पांदण म्हणजे नाल्याच्या काठाने वस्तीच्या मागे निघणारी शेतवाट.

आणि पुढे कोण? रूपाली. मोठेबाबांचीच मुलगी, माझी चुलत बहीण, माझ्याच वर्गातली. माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी! विहारात वंदना घ्यायला रूपाली, झेंड्याला भाषण करायला रूपाली, वहीचं अक्षर बघावं तर रूपालीचं. माझी स्वतःची आईसुद्धा म्हणायची, "तिच्याकून शिक काई." मी वरून गोड बोलायचे आणि आतून नुसती जळायचे. तिला ठेच लागावी असंही वाटायचं मला. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी मोठीमाय, म्हणजे रूपालीची आई, दारातूनच म्हणाली, "रूपीले ताप हाय, मने, आज पुढं तू हो."

काय आनंद झाला म्हणून सांगू! बहिणीला ताप, गावात दगड उचलायची भाषा, आणि मी वेणी पुन्हा घालून घेतली. पुढे चालायचं होतं ना. पारासमोरून जाताना तिथे बसलेल्यांपैकी एकजण थुंकला. मी मान ताठ ठेवून चालत राहिले. मागून धाकट्या पोरी माझ्या पावलावर पाऊल टाकत होत्या.

शाळा नेहमीसारखी. परिपाठ, मधली सुट्टी, भूगोलाची चाचणी. बाईंनी तपासायला घेतलेली रूपालीची वही वर्गात फिरवली, नकाशा कसा काढावा म्हणून... घरी तापाने पडलेली, तरी फिरत होती तिचीच वही. मी डबा अर्धा टाकला.

साडेचारला सुटलो. रांग लावली, मी पुढे. शाळेच्या कुंपणाचं वळण घेतलं आणि समोर, वीस-पंचवीस पावलांवर, रूपाली चालली होती.

युनिफॉर्म घातलेला. दोन्ही हातांनी ओढणी छातीशी धरून चालायची तिची सवय, तशीच. मला वाटलं, ताप उतरला आणि बया आली! एक दिवस, फक्त एक दिवस मला पुढे होऊ दिलं नाही हिने. अंगाची लाहीलाही झाली. मी पाय उचलले. तिनेही उचलले. हाक मारली नाही, कारण मला तिला मागे टाकायचं होतं, बोलवायचं नव्हतं.

पाराकडे जायच्या फाट्यावर ती सरळ गेली नाही. पांदणीत वळली.

मोठेबाबांनी नको म्हणून बजावलेली वाट. माझ्या डोक्यात एकच आलं — ही आपल्याआधी घरी पोचणार आणि सांगणार की मनीला रांग नेता येत नाही. मी वळले. मी वळले म्हणून मागच्या सहाही वळल्या. एकीनेही विचारलं नाही. नियमच तसा होता. घोट्याएवढा चिखल, चपला रुतायच्या, लहान्या रडकुंडीला आल्या, तरी मी ओढत नेलं सगळ्यांना. ती दोनदा मागे वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं, वर्गात कोण आलं हे बघावं तसं बघितलं तिने. विहाराच्या मागच्या भिंतीला वळली आणि आम्ही पोचलो तर तिथे कोणी नव्हतं.

मी तशीच भांडायला तिच्या घरी गेले. कुलूप. शेजारची मावशी म्हणाली, "अवं, तिले सकाळीच रिसोडले नेलं, दवाखान्यात. सलाइन लावली हाय."

मी तिथेच उभी होते तेवढ्यात पाराकडून आरडाओरडा ऐकू आला. आयाबाया "पोट्ट्या कुठं हायेत, पोट्ट्या" करत धावल्या. पारामागे लोक दगड जमवून बसले होते, शाळा सुटायची वाट बघत. आम्ही आलो नाही, पण वस्तीतला ऑटो आला. काचा फुटल्या, चालवणाऱ्या दादाच्या डोक्याला टाके पडले. आमच्या रांगेत सगळ्यात मागची पोर पाचवीतली होती.

"पांदणीनं कोनं आनलं?" मोठेबाबांनी विचारलं.

"मनीनं," सगळ्या म्हणाल्या. नंतर एकेकीला हळूच विचारून पाहिलं, रूपाली दुसऱ्या कुणालाच दिसली नव्हती.

"तुले कसं समजलं?"

मी म्हणाले, "मले वाटलं काहीतरी."

माझ्या बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. आता सांगा, मी खरं कसं बोलणार होते? तेही श्रेय तिलाच देऊन टाकू?

चार दिवसांनी रूपाली घरी आली. वाळून काडी झालेली. मी भेटायला गेले, दोघीच होतो. ती म्हणाली, "मने, एक इचारू? तू मायाकडं एवढ्या रागानं काहून पाहून राह्यली होतीस?"

"कधी?"

"पांदणीत. मी दोनदा वळून पाह्यलं. वाटलं, ही रागावून परत फिरते का काय."

दवाखान्यात ती त्या वेळी पलंगावर होती. मोठीमाय तिच्या उशाशी होती, तिने डोळेही उघडले नाहीत असं मोठीमायनेच मला सांगितलंय.

मी एवढंच म्हणाले, "कोनाले सांगू नको."

"बरं," ती म्हणाली.

यावर मी खूप डोकं चालवलं. भास म्हणावं तर तिला माझा राग कसा कळला? योगायोग म्हणावं तर दोनदा वळून बघितल्याचं तिला कुणी सांगितलं? एवढं मात्र कळतं, की मी तिच्यावर जळत नसते तर "बरं वाटलं वाटते हिले" म्हणून तिला जाऊ दिलं असतं आणि सगळ्यांना घेऊन पारासमोर गेले असते.

वस्तीत आजही पाहुण्यांना सांगतात, मनीनं पोरी वाचवल्या. रूपाली शेजारी बसलेली असते, ऐकून घेते. इतक्या वर्षांत तिने एकदाही तोंड उघडलेलं नाही. मला हे जमलं नसतं, आणि त्याचाही मला राग येतो.