व्हर्ना आत्याच्या बोलण्याखालची पट्टी

नेव्हा स्टॅम्पर अटलांटाच्या एका वृत्तवाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या वाचू लागली, तेव्हा तिचं आडनावसुद्धा तिच्याबरोबर आलं नव्हतं. पडद्यावर ती नेव्हा स्टोन होती. आवाज स्वच्छ, शब्द सुटे, आणि कितीही ऐकलं तरी ही बाई मूळची कुठली याचा कोणाला थांग लागत नसे. वाहिनीला नेमकं तेच हवं होतं.

ती होती पूर्व केंटकीच्या डोंगरातली. आई लहानपणीच गेली, वडील कोळशाच्या खाणीतल्या अपघातात. तिला वाढवलं वडिलांच्या बहिणीने, व्हर्नाने. व्हर्ना आत्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि संध्याकाळी ओसरीवर बसून असं काही बोलायची की शेजारपाजारचे हातातली कॉफी प्यायचं विसरायचे. कोणाची गाय हरवली, कोणाचं लग्न मोडलं, एवढंच असायचं. पण आत्याच्या तोंडून ते ऐकावंसं वाटायचं. नेव्हाला बोलायची हौस लागली ती त्या ओसरीवर.

कॉलेज संपवून ती लेक्झिंग्टनच्या एका रेडिओ केंद्रात गेली. पहिलंच बातमीपत्र वाचून झाल्यावर तिथला साहेब पोट धरून हसला. "पोरी, तुझ्या तोंडून राज्यपाल वारल्याची बातमी आली, तरी लोकांना वाटेल कोणाची तरी कोंबडी मेली." मग त्याने तिला एका उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. दोन हिवाळे नेव्हा आरशासमोर उभी राहून तीच तीच वाक्यं म्हणत होती. लांबवलेले स्वर तिने कापले, गिळलेली अक्षरं परत आणली. सुरुवातीला घरी फोन लावला की जुनी बोली आपसूक यायची. पुढे तीही येईना. आत्या हसून म्हणायची, "तू बोलाय लागलीस की मला वाटतं, बँकेतनं फोन आलाय."

अटलांटात तिचं चांगलं चाललं होतं, आणि मग वाहिनीने इंग्लंडहून ह्यू पेनफोल्डला आणलं. त्याने परदेशी राजकारणावर बोलावं अशी मूळ कल्पना होती. पण प्रेक्षकांना त्याचं बोलणं इतकं आवडलं, की तो अमेरिकेतल्या निवडणुकांवर, मक्याच्या भावावर, एकदा तर बेसबॉलवरही बोलला. बेसबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "त्याने नुसतं हवामान सांगितलं तरी कायदा पास झाल्यासारखं वाटतं," असं मिच म्हणायचा. मिच संध्याकाळच्या कार्यक्रमाचा निर्माता होता. त्याच सुमारास नायजेरियाचे एक प्राध्यापक तेलाच्या प्रश्नावर बोलायला आले होते. विषय त्यांना मुळापासून ठाऊक होता, पण त्यांना पुन्हा बोलावलं नाही. ऐकायला कष्ट पडतात, असं ठरलं.

म्हणजे परक्या उच्चारांतही वरचे आणि खालचे होते. आणि सगळ्यांत तळाला कोण, हे नेव्हाला पक्कं माहीत होतं. दुपारी जेवताना कोणी ना कोणी डोंगरातल्या माणसांची नक्कल करायचं. दात नसल्यासारखं तोंड वाकडं करायचं. सगळे हसायचे, आणि त्यांच्याबरोबर नेव्हाही. आपण लेक्झिंग्टनच्या, असं तिने सांगून ठेवलं होतं. ते केंटकीतलंच, पण मोठं शहर, घोड्यांच्या शर्यतींचं. त्यापुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्या डोंगरात ढगफुटी झाली. नाले रस्त्यांवरून गेले, पूल गेले, फोनच्या तारा तुटल्या. नेव्हा खालच्या मजल्यावरच्या सार्वजनिक फोनवरून आत्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली. आपल्या टेबलावरून लावला असता, तर कोणीतरी विचारलं असतं. ह्यू दुसऱ्या कामासाठी जवळच टेनेसीत होता, म्हणून त्यालाच कॅमेरावाल्याबरोबर तिकडे पाठवलं.

दुपारी त्याची फीत आली. संपादनाच्या खोलीत मिच, मजकूर टाइप करणारी एक मुलगी आणि नेव्हा, असे तिघं होते. पडद्यावर चर्चच्या पायऱ्या दिसल्या. पायरीवर कोणा पुरुषाचा कोट पांघरून एक जाडजूड म्हातारी बसली होती.

व्हर्ना आत्या जिवंत होती.

नेव्हाने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आत्या ओसरीवर बोलायची तशीच बोलत होती, तोच हात हलवत. "आक्खा हॉलर वाहून गेला बघा. म्या चुलीपाशी व्हते. पानी दारातनं न्हाई आलं, भिंतीतनं आलं. पोरांनी मला खिडकीतनं वडलं, न्हाईतर म्या बी गेलेच व्हते की."

डोंगरांमधली अरुंद घळ आणि तिच्यातली पाच-पंधरा घरं, या सगळ्याला मिळून तिकडे हॉलर म्हणतात. शहरी माणसाला मात्र हॉलर म्हणजे आरोळी, एवढाच अर्थ ठाऊक असतो.

"मला एक अक्षर कळलं नाही," मिच म्हणाला. "खाली शब्दांची पट्टी घाला."

ह्यू फोनवर होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पट्टी? मिच, त्या बाई इंग्रजीच बोलतायत. मी परका माणूस, मला सगळं समजलं."

"तुला समजलं रे. पण ओहायोतल्या माणसाला समजायला नको?"

"मग नेव्हांना विचारा," ह्यू म्हणाला. "त्या केंटकीच्याच आहेत ना?"

मिच वळला. ती मुलगीही वळली. एवढंच म्हणायचं होतं: ही माझी आत्या आहे, आणि ती काय म्हणते ते सगळं मला समजतं. पण मग आजवरच्या त्या नकला, ते हसणं. उद्यापासून ही माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहिली असती, कुठे काही निसटतंय का म्हणून.

"घालून टाका," नेव्हा म्हणाली. "कशाला उगाच धोका?"

"ठीक आहे," ह्यू म्हणाला.

मुलीने पट्टी टाइप केली. पहिली ओळ अशी झाली: आख्खी आरोळी वाहून गेली. तिला स्वतःलाच हसू आलं. "धक्का बसलाय बिचारीला," मिच म्हणाला. चूक नेव्हाला दिसली होती. पण ती दाखवायची, तर तो शब्द तुला कसा ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. ती केस नीट करायला निघून गेली. संध्याकाळी त्या बातमीची प्रस्तावना तिनेच वाचली. आवाज जराही हलला नाही.

फोन सुरू झाल्यावर दोघींचं थोडं बोलणं झालं. नेव्हा प्रत्यक्ष गेली ती पानगळ लागल्यावर. सरकारने आत्याला शाळेच्या मैदानावर राहायला एक चाकांवरचा ट्रेलर दिला होता. आत्याने राजमा शिजवला होता, बिडाच्या तव्यात मक्याचा पाव भाजला होता, वर चिरलेला कच्चा कांदा. चुलतभाऊ डेन्व्हर बायकोला घेऊन आला होता. नेव्हा हायवेवरच्या गर्दीबद्दल दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तोच तो म्हणाला, "नेव्हा, खाली पट्टी लाव की गं. आमच्या डोक्याला कळंना तू काय म्हणतीस त्ये."

सगळे खदाखदा हसले. नेव्हाही हसली, आणि हसता हसता म्हणाली, "पट्टी घरी इसरले बग, डेन्व्हर." म्हणायला गेली जुन्या बोलीत, बाहेर पडलं ते मिच दुपारी जेवताना करायचा तसं.

डेन्व्हरचं हसू गेलं. "ए, आमची नक्कल नगं करू."

"मी नक्कल नाही केली रे."

"बरं," तो म्हणाला आणि पाव मोडू लागला.

ते दोघं गेल्यावर आत्या भांडी घासायला उभी राहिली. नेव्हाने पुसायला फडकं घेतलं.

"शाळंच्या हॉलमधी समदी बसलो व्हतो टीव्हीम्होरं," आत्या म्हणाली. "म्या दिसले तशी पोरं नाचाय लागली. मंग खाली अक्षरं आली. एकदम गप झाली समदी. मला वाटलं, माझ्या बोलन्यात काय चुकलं का काय? त्यो इंग्लंडचा मानूस बोलला, त्याच्याखाली न्हाई आलं काही. त्यो तर समुद्रापल्याडचा."

नेव्हा हातातला पेला पुसत राहिली.

"तू व्हतीस का गं तिथं? त्ये लिवलं तवा?"

"नाही, आत्या. ते काम दुसरे लोक करतात."

"म्हंजी तुला ठाव नव्हतं."

"नव्हतं."

"बरं झालं," आत्या म्हणाली. तिने धुतलेली ताटली नेव्हाच्या हातात दिली. "बरं झालं. मला आपलं उगा वाटलं..."

पुढच्या खेपेला खरं सांगायचं, असं परतीच्या वाटेवर नेव्हाने ठरवलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिची ड्यूटी लागली. नाताळात रस्ते बर्फाने बंद. फेब्रुवारीत आत्याची छाती भरली आणि ती गेली.

अंत्यविधीला पाद्र्यांनी नेव्हालाच बोलायला सांगितलं. तुझा तर धंदाच हा, ते म्हणाले. आत्या सांगायची तो हरवलेल्या गाईचा किस्सा सांगायचं तिच्या मनात होतं. आत्याच्या पद्धतीने, आत्याच्या शब्दांत. शवपेटीशेजारी ती उभी राहिली, समोर सगळा हॉलर बसलेला, आणि तोंडातून निघाली ती सहाच्या बातम्यांची भाषा. प्रत्येक शब्द सुटा. कुठे थांबायचं तिथे ती बरोबर थांबली. बाकांवर कोणी हसलं नाही, कोणी रडलंही नाही. बाहेर डेन्व्हरने हात पुढे केला.

"छान बोललात तुम्ही," तो म्हणाला. लहानपणी एकाच खाटेवर झोपणारा भाऊ, तो आज तिला तुम्ही म्हणाला.

तीन-चार वर्षांनी ह्यू लंडनला परत निघाला. निरोपाचा केक कापून झाल्यावर तो तिच्या टेबलाशी आला.

"तुमच्या आत्या कशा आहेत?"

नेव्हाने मान वर केली.

"कॅमेरा बंद झाल्यावर त्यांनी मला सांगितलं," ह्यू म्हणाला. "म्हणाल्या, माझी भाची तुमच्याच वाहिनीवर बातम्या वाचते. किती अभिमानाने सांगितलं त्यांनी! आणि लगेच माझा हात धरून म्हणाल्या, पण तिथं कुणाला सांगू नका, तिची अडचण होईल. मी शब्द दिला होता, म्हणून मिचला काही बोललो नाही. तुम्हांला विचारा, एवढंच म्हणालो. वाटलं होतं, तुम्ही स्वतःच सांगाल."

"गेली ती," नेव्हा म्हणाली. "पुरानंतरच्याच हिवाळ्यात."

"अरेरे. मला माहीत नव्हतं." त्याने हातातली केकची बशी टेबलावर ठेवली. "फार छान बोलायच्या हो."

त्यानंतर नेव्हाने आणखी सहा वर्षं बातम्या वाचल्या. नव्या साहेबांना तरुण चेहरा हवा होता, तेव्हा तिने कटकट न करता जागा सोडली. आज ती अटलांटाच्या बाहेर एका लहानशा घरात राहते. शेजाऱ्यांना ती अजून स्टोन म्हणूनच ठाऊक आहे. नाताळात डेन्व्हरचं कार्ड येतं. छापील मजकूर असतो, आणि त्याखाली त्याची आणि बायकोची सही. नेव्हा कधीकधी फोन उचलते, त्याचा नंबर अर्धा लावते, आणि आता काय बोलायचं, कसं बोलायचं, हे न सुचून खाली ठेवते.